उभ्या गाडीची काळजी

फियाट पालिओ जीटीएक्सला स्पोर्ट्स कार म्हटलं की हसणारे भेटतात. पाच दारांची, मागच्या सीटवर आई-मावशी बसू शकतात अशी गाडी, तिला कसली स्पोर्ट्स कार म्हणायची? पुस्तकी व्याख्येनं त्यांचं बरोबरच आहे. तशी कार हवी असेल तर गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म शोधावी. फायबरच्या बॉडीची, दोन सीटची, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. दिसायला ऐटबाज, पण पळायला साठेक अश्वशक्तीची. जीटीएक्सचं गणित नेमकं उलटं होतं. अंगावर घरगुती कपडे आणि आत १५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, १०० अश्वशक्तीचं इंजिन. २००१ साली पालिओ आली तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या साठीच्या आसपास घुटमळत होत्या. त्यामुळं माझ्या पिढीतल्या ज्यांना गाडीचं वेड होतं आणि खिसा बेताचा होता, त्यांची स्पोर्ट्स कार हीच.

ती बनायची कुर्ल्यात. नवं रूप दिलं होतं इटलीच्या जुजारोनं आणि जाहिरातीत होता सचिन. सचिननं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून फेरारी मिळाली, तीही फियाटच्याच घरातली. आम्ही पालिओवाले तेव्हा फेरारीशी नातं सांगायचो, दूरचं का होईना.

माझी गाडी २००३ सालची, एमएच-०६ पासिंगची, म्हणजे पेणची. धाटावला नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी पहिल्या मालकाकडून घेतली. तेव्हापासून ती कोलाडलाच आहे. या गाडीनं मला जे शिकवलं त्यातलं पळवण्याबद्दल फार थोडं आहे. बरंचसं तिला उभी कशी ठेवायची याबद्दलच आहे. जुनी वेगवान गाडी रस्त्यावर कमी आणि दारात जास्त बिघडते. त्यात आमच्याकडं पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. चार महिने हवेतलं पाणी लोखंडात, रबरात, तेलात, वायरींत मुरत असतं. पुण्यातला मालक ज्या गोष्टी दहा वर्षांत बघतो, त्या आम्हाला चार वर्षांत दिसतात.

पण पहिला धडा रस्त्यावरचाच सांगतो, कारण तो माहीत नसल्यामुळं कितीतरी चांगल्या पालिओ दोरीनं ओढत गॅरेजला गेल्या आहेत. नागोठण्याकडून येताना सुकेळी खिंड उतरल्यावर पाण्यानं भरलेला एक खड्डा चुकला नाही. पुढचं चाक धाडकन आपटलं आणि दहा-वीस पावलांवर इंजिन बंद. स्टार्टर फिरतोय, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन पकडत नाही. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं थांबून निदान केलं, ‘शेठ, पंप गेला.’ पंप गेलेला नव्हता. या गाडीत एक छोटा स्विच असतो. धडक बसली तर पेट्रोलचा पंप आपोआप बंद करायचा, म्हणजे फुटलेल्या पाइपातून पेट्रोल सांडून आग लागू नये, एवढंच त्याचं काम. जोराच्या खड्ड्यालाही तो धडकच समजतो. आत, पायांच्या बाजूला, जिथं नजर कधी जात नाही अशा ठिकाणी तो बसवलेला आहे. वरचं बटण दाबलं की पुन्हा चालू. टेम्पोवाल्यानं तोवर दोरी काढली होती.

यात एक पथ्य मात्र पाळायचं. बटण दाबण्याआधी किल्ली बंद करून खाली उतरायचं, गाडीखाली वाकून बघायचं, नाकानं वास घ्यायचा. पेट्रोलचा वास आला किंवा थेंब दिसला तर बटणाला हात लावायचा नाही. स्विच लावलाय तो काही उगाच नाही. आणि पालिओ विकत घ्यायला निघालेल्याला माझं पहिलं सांगणं असतं की इंजिन ऐकायच्या आधी हा स्विच कुठं आहे ते विचार. मालकाला सांगता आलं, तर त्यानं गाडीचं पुस्तक निदान उघडलेलं आहे.

दुसरं विचारायचं ते किल्लीबद्दल. नाक्यावरचा किल्लीवाला दहा मिनिटांत हुबेहूब किल्ली करून देतो. ती दार उघडते, स्टिअरिंगचं लॉक सोडते, स्टार्टर फिरवते आणि इंजिन काही चालू होत नाही. कारण मूळ किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते, गाडी तिची ओळख पटवून घेते आणि मगच पेट्रोल सोडते. डॅशबोर्डवर ‘कोड’ असा दिवा लागून राहिला की समजायचं, ओळख पटलेली नाही. नव्या गाडीबरोबर दोन किल्ल्या आणि एक कोड कार्ड मिळायचं. वीस वर्षांत ते कार्ड कुठल्या तरी कपाटाच्या खणात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात गेलेलं असतं. माझं कार्ड पहिल्या मालकाच्या वहिनींनी शोधून दिलं. त्यासाठी मला त्यांच्याकडं दोनदा पोहे खायला लागले, पण ते कार्ड आज गाडीच्या आरसीइतकंच जपून ठेवलेलं आहे. ज्याच्याकडं एकच किल्ली आहे आणि कार्ड नाही, त्याच्याशी भाव पाडूनच बोलावं.

चाकांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यात भले भले मिस्त्री चकतात. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या चाकाला चार भोकं असतात आणि ती १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर आखलेली असतात. फियाटची चार भोकं ९८ मिलिमीटरवर. दोन मिलिमीटरचा फरक, डोळ्यांना दिसत नाही. दुकानात अलॉय व्हील हातात घेतलं, लावून बघितलं, तर ते बसल्यासारखं वाटतं. बोल्ट आत जातातही, पण शेवटच्या आट्यांवर तिरके होऊन. असं चाक घेऊन ऐंशीच्या पुढं गेलं की स्टिअरिंग थरथरतं, मग मालक बॅलन्सिंग करतो, अलाइनमेंट करतो, टायर बदलतो आणि मूळ कारण तसंच राहतं. बोल्टावर ताण येतो तो वेगळाच. चाकाच्या मधल्या भोकाचं मापही बघायला हवं, फियाटचं ते ५८.१ मिलिमीटर आहे. ते मोठं असलं तर चाक हबवर न टेकता नुसत्या बोल्टांवर लटकतं. म्हणून मूळची १४ इंची चाकं खरचटलेली असली तरी ती फेकू नयेत. रंगवून घ्यावीत.

आणि या गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत. म्हणजे हबमधून दांडे बाहेर आलेले नसतात. स्टेपनी बदलताना चाक हातात तोलून धरायचं आणि भोकाला भोक जुळवत पहिला बोल्ट फिरवायचा. अंधारात, पावसात, चिखलात गुडघे टेकून हे करून बघावं म्हणजे कळेल. आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या लेथवाल्या काकांनी यावर सोपा इलाज काढला. १२ मिलिमीटर जाडीचा, सव्वा मिलिमीटर आट्याचा जुना बोल्ट घेतला, त्याचं डोकं उडवलं, टोक गोल केलं आणि स्क्रू-ड्रायव्हर बसेल अशी खाच पाडली. हा बिनडोक्याचा बोल्ट आधी वरच्या भोकात हातानं फिरवायचा, त्यावर चाक अडकवायचं, बाकीचे तीन बोल्ट लावायचे, मग तो काढून चौथा लावायचा. चाक एकट्यानं बदलता येतं. टूलकिटच्या पिशवीत तो सुती फडक्यात, तेलाचं बोट लावून गुंडाळून ठेवलाय. जीटीएक्सवाला भेटला की मी आधी तोच दाखवतो.

आता उभ्या गाडीकडं येतो. टायमिंग बेल्ट. ‘रनिंग कुठंय शेठ तुमचं, अजून दोन वर्षं काढेल’ हे वाक्य मी वेगवेगळ्या गॅरेजांत ऐकलं आहे. बेल्ट रबराचा असतो आणि रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत, त्याला वय मात्र असतं. उन्हाळ्यात बॉनेटखाली भाजतो, पावसाळ्यात दमट हवेत असतो, महिनोन्‌महिने एकाच जागी वाकून राहतो. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. मग खर्च बेल्टचा राहत नाही, अख्खं हेड उतरवायचा होतो. माणगावच्या एका ओळखीच्या गाडीचं तेच झालं. मीटरवर किलोमीटर इतके कमी की घेताना त्याला वाटलं होतं लॉटरी लागली. मी चार वर्षांनी बेल्ट बदलतो, गाडी फिरलेली असो वा नसो, आणि बरोबर टेन्शनर नि वॉटर पंपही. ते खोलायला मजुरी एकदाच पडते. कॅम जागच्या जागी धरून ठेवायचं हत्यार ज्या मिस्त्रीकडं आहे त्याच्याकडंच हे काम द्यावं. ‘खूण करून घेतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

टायरचंही तसंच. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर दगड झालेलं असतं. कमी फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यानं त्याचा उकळायचा बिंदू खाली येतो, आणि घाटात लागोपाठ ब्रेक दाबले की पायाखालचं पेडल कापसासारखं लागतं. कोरड्या गावात हे तेल दोन वर्षं सहज जातं. कोलाडला मी दर पावसाळा संपला की बदलून टाकतो. खर्च किरकोळ आहे, पण गॅरेजवाल्यांना यात रस नसतो, मागे लागून करून घ्यावं लागतं.

हँडब्रेक ओढून गाडी जूनमध्ये उभी करू नये. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत, आतले लायनर ड्रमला गंजून चिकटतात आणि आठवड्याभरानं गाडी हलवायला गेलं की मागचं चाक घसटत येतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते तिथं आंब्याचा मोहोर, सुकी पानं, चिंचेचा पाला साठतो. खालची पाणी जायची वाट बुजते आणि मग ते पाणी डावीकडच्या पायाखालच्या गालिच्यात येतं. लोक छप्पर गळतंय म्हणून सिलिकॉन फासत बसतात. गालिचा एकदा भिजला की ऑक्टोबरपर्यंत सुकत नाही, वास येतो, खालचा पत्रा खातो आणि जोडाच्या वायरींना हिरवं चढतं. मी मे अखेरीला ही जागा हातानं साफ करतो आणि तांब्याभर पाणी ओतून बघतो. चाकाच्या मागं धार लागली म्हणजे वाट मोकळी.

भाताच्या खाचरांत पाणी भरलं की उंदीर कोरडी जागा शोधतात. इंजिन गरम, वायरी मऊ. यावर बाजारातले फवारे, नाक्यावरचे सल्ले, तंबाखूची पुडी, सगळं करून झालं. चालतो तो एकच उपाय, बॉनेट रात्री उघडं ठेवायचं. उजेड आणि वारा आला की त्यांना तिथं घर करावंसं वाटत नाही. यासाठी वर पक्कं छप्पर लागतं, ते मी घातलं. घरच्यांचं मत असं की त्या पैशांत ओटीवर नवी फरशी आली असती.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. माझी गाडी बनली तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना फुगवतं, तडे पाडतं, आणि तेही पाणी धरतं. म्हणून टाकीत दोन-दोन महिने पेट्रोल ठेवायचं नाही. थोडं भरायचं, गाडी फिरवायची, पुन्हा भरायचं. इंजिनाजवळचे रबरी पाइप इथेनॉल चालेल अशा प्रतीचे घालून घेतले आणि दर महिन्याला सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून वास घेतो. एवढी सवय लागली की मेकॅनिकच्या आधी आपल्याला कळतं.

सुट्या भागांची लोकांना फार धास्ती. फियाटनं २०१९ च्या सुमारास इथलं गाड्यांचं उत्पादन थांबवलं हे खरं, पण हेच १.६ चं इंजिन सिएनाला होतं, अ‍ॅडव्हेंचरला होतं, पेट्रालाही होतं. त्यामुळं ‘पालिओचं आहे का’ असं विचारू नये, ‘एक-सहा पेट्रोल’ असं विचारावं. अर्ध्या वेळा नाही म्हणणाराच आतून डबा घेऊन येतो. मी रोह्याहून दिव्याची मेमू पकडतो, पुढं लोकलनं कुर्ला. तिथल्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्या उलगडून विकतात. ज्या कुर्ल्यात गाडी बनली तिथंच तिची हाडं मिळतात याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. आता दाराचं हँडल शंभर-दोनशेत मिळालं की आनंद होतो.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. पंधरा वर्षं झाली की पेणच्या आरटीओत गाडी दाखवून पासिंग पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा. माझी पुढची पाळी २०२८ ला. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून १० हजार रुपये झालंय. जायच्या आधी चॅसी नंबर उठून दिसतोय ना हे बघून घ्यावं. गंजानं आकडे बुजले की तपासणीत तिथंच घोडं अडतं. बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवून वर ग्रीस लावून ठेवलं की झालं.

कोलाड हे कोकण रेल्वेचं रोह्यानंतरचं पहिलं स्टेशन. इथून १९९९ पासून मालाचे ट्रक रेल्वेवर चढून वेर्ण्याला जातात. २०२५ च्या गणपतीत मोटारींसाठीही तशी गाडी सुरू केली, एका मोटारीला ७,८७५ रुपये. शेजारी म्हणाले, तुमच्या म्हातारीला यातून न्या गोव्याला, हाडं तरी शाबूत राहतील. खड्ड्यांचा हिशेब केला तर सल्ला वाईट नव्हता. पण गाडी चालवायची हौस आणि ती वॅगनवर बांधून आपण डब्यात बसायचं, हे काही जमलं नाही.

कारण ही गाडी शेवटी चालवायलाच आहे. कोलाडहून सुतारवाडीवरून विळ्याला गेलं की ताम्हिणी लागतो. विळ्यापर्यंत इंजिन तापू द्यायचं, घाई करायची नाही. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन खालच्या फेऱ्यांत आळशी वाटतं आणि बरेच जण तिथंच निराश होऊन गाडी विकतात. साडेतीन-चार हजारांच्या वर काटा गेला की तिचा आवाज बदलतो, ओढ बदलते. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घ्यायचं आणि बाहेर पडताना पाय सोडायचा नाही. स्टिअरिंग जड आहे, गाडीही जड आहे, पण वळणात ती रस्ता सोडत नाही. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर बसून राहायचं नाही. पावसाळ्यात मी तिकडं जात नाही. शनिवार-रविवारी तर नाहीच, धबधब्यांपाशी मोटारींची रांग लागते आणि चढावर रांगेत क्लच जळतो. मधल्या वाराला जायचं, नोव्हेंबरनंतर, सकाळी लवकर. जाताना टाकीत अर्धं पेट्रोल पुरे, मुळशीच्या पुढं पंप आहेत.